‘रक्तातच असतं ते’ म्हणणाऱ्यांना

उज्जैनच्या फ्रीगंज भागात टावर चौक आहे. घड्याळाचा मनोरा, बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आणि दिवे लागले की खाण्याच्या गाड्या. माझी मामेबहीण लग्न होऊन उज्जैनला गेली, तिचे सगळे घरच आता माळव्याचे झाले आहे. ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ असे तिकडचे मराठी. तिच्या मुलीने प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केले आणि आता तिला मानवशास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे. तेही मानवी वर्तनाची उत्क्रांती हा विषय धरून. माणूस जसा वागतो तसा तो का वागतो, आणि हे वागणे लाखो वर्षांत कसकसे घडत आले, याचा अभ्यास.

टावर चौकात कचोरी खात उभे असताना भाऊजींनी हा विषय आपल्या दोन मित्रांपुढे काढला. पहिला म्हणाला, ‘‘स्कोप काय?’’ दुसरा म्हणाला, ‘‘म्हणजे पोरगी माकडांच्या मागे फिरून राहील!’’ मग भाऊजीच म्हणाले, ‘‘वागण्याचा काय अभ्यास करायचा? रक्तातच असतं ते.’’ आणि पुढची पंधरा मिनिटे तिघांनी मिळून कुठल्या जातीला धंदा का जमतो, कुठल्या जातीला राग लवकर का येतो, बायकांचा स्वभाव मुळातच कसा असतो आणि पुरुष असा का असतो, यावर मला व्याख्यान दिले. विषयाला स्कोप नाही, पण त्यातली मते मात्र प्रत्येकाच्या खिशात तयार! गणिताबद्दल कुणी असे बोलत नाही. माणसाबद्दल मात्र प्रत्येक जण जन्मतःच डॉक्टरेट घेऊन आलेला असतो.

मंडळी, हे फक्त उज्जैनचे नाही. पणजीच्या कदंबा बसस्थानकावर किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभे राहा, हेच ऐकू येईल. म्हणून हा लेख.

ज्या पुतळ्याच्या साक्षीने हे चालले होते, त्या माणसाने काय केले होते ते आधी सांगतो. बाबासाहेबांचा जन्म याच माळव्यात, इंदूरच्या पलीकडे महूला, १८९१ सालचा. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, पण ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. वय पंचवीस. घटना, धर्मांतर, महाड हे सगळे पुढे होते. तेव्हा तो वसतिगृहातला एक मराठी विद्यार्थी होता, आणि विषय होता मानवशास्त्र. स्कोप विचारणारे तेव्हाही असतीलच.

त्या निबंधातला युक्तिवाद आजही वाचताना अंगावर येतो. आपल्यातच लग्न, हा जातीचा गाभा, असे ते म्हणतात. आता एखाद्या गटाने ठरवले की बाहेर मुलगी द्यायची नाही, बाहेरची आणायची नाही, तर त्याला काय सांभाळावे लागेल? लग्नाच्या वयातले स्त्री-पुरुष सारख्या संख्येने हवेत. नवरा मेला की एक बाई ‘जास्त’ होते. बायको मेली की एक पुरुष ‘जास्त’ होतो. ही जास्तीची बाई बाहेर लग्न करील किंवा गटातल्या कुमारिकेचा वर पळवील. मग तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो कामाचा! त्याच्यावर संन्यास लादावा, तर तो टिकत नाही. मग त्याला बायको कुठून आणायची? अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून. सती, वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा त्यांनी अशा एका हिशेबातून काढून दाखवल्या. पुढे एका वर्गाने दार लावून घेतले, इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि ज्यांनी केले नाही त्यांना दार बाहेरून बंद झालेले आढळले. यात रक्त कुठे आले? वंश कुठे आला? हे सगळे वर्तन आहे. अनुकरण, बहिष्कार, संख्येचा हिशेब. मानवी वर्तन कसे घडते आणि टिकते याचा याहून स्वच्छ नमुना मराठी माणसाने लिहिलेला मला माहीत नाही (लिहिला इंग्रजीत, हे आपले दुर्दैव).

आता परत कचोरीच्या गाडीकडे बघा. त्या गाडीवर कोण कुठल्या जातीचा, कुणी विचारत नाही. तळणारा कोण, शेजारी उभा कोण, पाणीपुरीच्या पाण्यात हात कुणाचा, काही नाही. आपल्या पणजोबांना हे बघून घेरी आली असती. म्हणजे रोटीव्यवहार सुटला. आणि बेटीव्यवहार? २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्के निघाले. शंभरातले पाच. शंभर वर्षांत आगगाडी, शाळा, कचेरी, मतदान, हॉटेल सगळे आले, पण दाराची ती एक कडी निघाली नाही. १९१६ च्या त्या निबंधाने बोट नेमके या कडीवर ठेवले होते. जेवणाच्या पंक्ती हे वरचे लक्षण आणि लग्न हे मूळ. टावर चौक म्हणजे या सिद्धान्ताची रोज संध्याकाळी भरणारी प्रयोगशाळा आहे, आणि तिथे उभे राहून आमचे भाऊजी म्हणतात, अभ्यास कसला करायचा!

आपण गोंयकारांनी तर हसूच नये. आपल्याकडे याहून मोठा प्रयोग होऊन गेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या राज्यात गावेच्या गावे बाटली. देव बदलले, नावे बदलली, आडनावे बदलली, पेहराव बदलला, ताटातले अन्न बदलले. पाव आला, गोमांस आले. रक्ताशिवाय बदलण्यासारखे जे जे होते ते बदलले म्हणा ना. आणि तरी बामण, चार्दो, सुदिर हे भेद चर्चच्या आवारात शिरले, कॉन्फ्रारियांत शिरले, आणि सोयरीक जुळवताना आजही हळूच विचारले जातात. ज्या धर्मात जातीला शास्त्राधार नाही त्या धर्मात जात चारशे वर्षे तगली, ती केवळ एका नियमावर : मुलगी कुणाला द्यायची. बाबासाहेबांना गोव्याचा हा दाखला हाताशी असता तर त्यांनी तो निबंधात नक्की घातला असता, असे मला नेहमी वाटते.

२०२१ साली गोवा, कुमठा आणि मंगळूर इथल्या रोमन कॅथलिकांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या सीसीएमबीचे संशोधक त्यात होते. गौड सारस्वतांशी जवळचे नाते निघाले. झाले! ज्याला त्याला आपले ‘थोर रक्त’ सापडले. अहो, त्या अभ्यासातून दिसते ते एवढेच की त्या घराण्यांनी धर्म बदलल्यावरही दारे लावून घेतली. मोठेपणा मोजणारी जनुकांची तपासणी अजून निघालेली नाही. आणि २०१३ चा भारतीय जनुकांवरचा मोठा अभ्यास काय सांगतो? सुमारे बेचाळीसशे ते एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले गट एकमेकांत भरपूर मिसळत होते, आणि मग ते मिसळणे थांबत गेले. म्हणजे दार बंद होण्याला इतिहासात एक काळ आहे. ज्या गोष्टीला सुरुवात सापडते तिला ‘मुळातच’ कसे म्हणायचे?

आता कुणी म्हणेल, पण मानववंशशास्त्राचा इतिहासच वाईट, नाके आणि कवट्या मोजण्याचा. मला तर मराठीतल्या ‘मानववंशशास्त्र’ या शब्दातला ‘वंश’च खटकतो. म्हणून मी मानवशास्त्र म्हणतो. आणि तो आक्षेप खराच आहे. रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी सांगत असे. पण त्याचे आकडे घेऊन त्याचाच सिद्धान्त देशभर लागू पडत नाही हे कुणी दाखवले? आपल्या शेजारच्या मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी, १९३२ साली. आणि घुर्यांच्या त्याच कामाचा आधार घेऊन १९४८ साली बाबासाहेबांनी लिहिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे नाहीत. ज्या हत्याराने जखम केली तेच हत्यार हिसकावून घेतले. ते हिसकावायला ते हातात धरता यावे लागते.

इरावती कर्वे यांची गोष्ट तर प्रत्येक मराठी शाळेत सांगावी अशी. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याआधी, १९२८ ते १९३० मध्ये, त्या बर्लिनला पीएच.डी. करीत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशविचाराला शास्त्राचा मुखवटा पुरवणाऱ्यांतले एक अग्रगण्य नाव. फिशरसाहेबांची कल्पना अशी की गोऱ्यांची कवटी एका बाजूला अधिक भरलेली, म्हणून त्यांची तर्कबुद्धी अधिक. हे सिद्ध करायचे काम विद्यार्थिनीकडे. या विशी-पंचविशीतल्या मराठी बाईने दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. त्यांतल्या कित्येक वसाहतींतून लुटून आणलेल्या. आणि लिहून दिले की असा काही संबंध दिसत नाही. परका देश, परकी भाषा, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच सिद्धान्ताला नकार. तिने फक्त आकडे खरे लिहिले. पुढे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी जन्मभर हेच काम केले, आणि १९६८ साली मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची शारीरिक तुलना करून दाखवले की ‘ब्राह्मण’ म्हणून एक सलग रक्त असे काही नाही. ‘रक्तातच असतं’ म्हणणाऱ्या माणसाने हे एक काम वाचले असते तरी तो चौकात जरा दबकून बोलला असता.

आता माकडांकडे येतो. भाऊजींच्या मित्राला माकडे म्हणजे थट्टा वाटली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानचे युकिमारू सुगियामा आपल्या घाटापलीकडे, धारवाडच्या जंगलात वानरांचे निरीक्षण करीत बसले होते. त्यांनी पाहिले की नवा नर टोळी बळकावतो तेव्हा आधीच्या नराची अंगावरची पिल्ले मारतो. जगाने ते विकृती म्हणून सोडून दिले. १९७१ पासून हार्वर्डच्या सारा ब्लॅफर हर्डी अबूच्या पहाडावर आल्या. गर्दीमुळे माकडे बिघडली असतील, हे तपासायला. त्यांना वेगळेच दिसले. यात नराचा फायदा आहे. पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते. त्यावरून शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे कडाक्याची भांडणे झाली. प्राण्यांच्या वर्तनाचा विचारच त्यातून बदलला. आणि हे सगळे ज्या काळतोंड्या वानरांवरून, ती आपल्या कौलांवर नाचतात. आपण त्यांना दगड मारतो किंवा केळी देतो. शास्त्र मात्र क्योटोहून आणि हार्वर्डहून येते!

यावरून ‘बघा, पुरुष मुळातच असा’ म्हणणारे लगेच पुढे सरसावतात. थांबा जरा. त्याच वानरांत दुसऱ्या माद्या आईकडून तान्हे पिल्लू मागून घेतात आणि कडेवर खेळवतात. त्याच हर्डीबाईंनी पुढे, २००९ च्या पुस्तकात, मांडले की माणसाचे मूल एकट्या आईने वाढवण्याजोगे कधी नव्हतेच. आजी, मावशी, आत्या, थोरली बहीण अशा अनेक हातांनी ते वाढवले आणि त्यातूनच आपल्याला दुसऱ्याचे मन ओळखायची कला आली. मग स्वभाव कुठला धरायचा? पिल्लू मारणारा की पिल्लू खेळवणारा? हा प्रश्न नीट विचारायला सुद्धा विषय शिकावा लागतो. एखादी गोष्ट कशी उपजली हे सांगणे म्हणजे ती योग्य ठरवणे नव्हे, हा पहिल्या वर्षाचा धडा. आपल्या पुरोगामी मित्रांनाही तो लागू आहे. ‘उत्क्रांती’ शब्द वर्तनाला लावला की ते अंग आखडतात आणि मैदान सोडून देतात. सोडलेल्या मैदानावर मग मोबाईलवरून फिरणारी ‘वैज्ञानिक’ माहिती नाचते : बायकांचा मेंदू असा, अमक्यांचा डीएनए तसा.

या शास्त्रात उणे पुष्कळ आहे. २०१० साली काही संशोधकांनीच दाखवून दिले की मानसशास्त्रात ‘माणूस’ म्हणून ज्याचे प्रयोग छापले जातात तो बहुतेक वेळा श्रीमंत पाश्चात्त्य देशातला, बहुधा कॉलेजातला विद्यार्थी असतो. बरे मग? काणकोणची पोर, उज्जैनची पोर या विषयात गेल्याशिवाय ते उणे भरणार कसे?

स्कोपचे म्हणाल तर उज्जैनकरांनी तरी ते विचारू नये. हरिभाऊ वाकणकर तिथलेच. जन्म नीमचचा, मराठी माणूस, चित्रकार. १९५७ साली भोपाळकडे जाणाऱ्या आगगाडीतून त्यांना खडकांचे सुळके दिसले, आणि ते तिथे चालत गेले. ते भीमबेटका. तिथल्या भिंतींवर हरणे, रानबैल, शिकारी आणि ओळीने हात धरून नाचणारी माणसे आहेत. २००३ साली ते जागतिक वारसा झाले. वाकणकर संघाचे. आणि आपले सांखवाळच्या घराण्यातले दामोदर कोसंबी मार्क्सवादी. एका बाकावर बसवले असते तर कडाक्याचे भांडले असते. पण दोघेही पायी हिंडले. गणिताचे प्राध्यापक असलेले कोसंबी पुण्याच्या टेकड्यांवर अश्मयुगीन दगडी पाती वेचत आणि धनगरांना त्यांच्या देवांच्या वाटा विचारत. आज त्या दोघांच्या नावाने भांडणारे पुष्कळ आहेत. हिंडणारे किती?

आपल्या कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या कातळावर बैल आहेत, हरणे आहेत, चक्रव्यूह आहे. गावकऱ्यांच्या सांगण्यावरून १९९३ साली पुरातत्त्ववाल्यांना ती चित्रे कळली. गोवा विद्यापीठातल्या समाजविज्ञानाच्या शाखेला कोसंबींचे नाव आहे, त्या नावात वर्तनविद्याही आहे. पण मानवशास्त्र घ्यायचे म्हटले की आपण मुलांना पुणे किंवा धारवाड दाखवतो, आणि घरी त्याच्याही आधी स्कोप विचारतो.

याची किंमत कोण देतो? २००३ साली गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. धनगर-गवळी राहिले. त्यांची फाईल वर्षानुवर्षे पणजी-दिल्ली खेपा घालीत राहिली. दिल्लीचे निकष १९६५ च्या लोकूर समितीचे : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, बाहेरच्यांशी बुजरेपणा, मागासलेपणा. माणसाने उभे राहून आपण आदिम आणि बुजरे आहोत हे सिद्ध करायचे! या निकषांवर शास्त्राच्या भाषेत घाव घालायला मानवशास्त्रज्ञच लागतो. आदिम लक्षण असे काही नसते, हे या शास्त्राने कधीच सांगून टाकले आहे.

धनगरांचेच उदाहरण घ्या. मोठेपणी दूध पचणे ही सस्तन प्राण्यांत अपवादाची गोष्ट. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाळून दूध पीत आली, त्यांच्यात ते पचवणारा जनुकीय बदल वाढला. भारतातल्या गुराख्यांत आणि युरोपातल्या लोकांत तो बदल बहुतांशी एकच आहे, असे २०१२ च्या अभ्यासात दिसले. म्हणजे आधी माणसाची रीत आणि मागून रक्त. भाऊजींच्या वाक्याच्या नेमके उलट. गुरे पाळणे हे मागासलेपण नसून माणसाच्या शरीरालाच बदलून टाकणारा मोठा शोध आहे, असे त्या फाईलमध्ये कुणी लिहिले असेल का? सत्तरी-सांग्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर महिनोन्‌महिने राहून, त्यांची लग्ने, त्यांचे देव, त्यांच्या म्हशींच्या वाटा टिपून काढणारे कोकणी-मराठी बोलणारे दहा विद्यार्थी आपल्याकडे असते तर? पुढच्या वेळी अहवाल तयार होईल तेव्हा एवढे तरी विचारा की तो लिहिणारा वाड्यावर किती रात्री झोपला होता.